बिल्डर्स असोसिएशनची वर्गणी भरून कंत्राटदाराला मिळतं काय?

प्रश्न थोडक्यात असा: सिव्हिल इंजिनिअर, काही वर्षं नोकरी करून आता स्वतःची फर्म काढली आहे. सार्वजनिक बांधकाम खात्यात नोंदणी झाली, दोन लहान कामं चालू आहेत. शहरातल्या बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाच्या सेंटरचे, म्हणजे स्थानिक शाखेचे लोक सदस्य व्हा म्हणून मागे लागलेत. ही राष्ट्रीय संघटना नेमकं करते काय, सदस्य झालं तर कामं मिळतात का, की सगळा कारभार अधिवेशनं, शाली आणि फोटो एवढाच?

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. कामं मिळत नाहीत. कुणी तसं सूचित करत असेल तर त्या माणसापासून चार हात लांब राहा. का ते पुढे येईलच. शाली आणि फोटो आहेत, भरपूर आहेत. पण मी इतकी वर्षं वर्गणी भरतोय ती शालीसाठी नाही.

आधी कोण कोण आहे ते पाहू, कारण नव्या माणसाचा इथेच गोंधळ होतो. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांवरून बाई, ही १९४१ सालची, मुख्यालय मुंबईत. नावात बिल्डर असलं तरी तिचा मूळ गाभा दुसऱ्यासाठी बांधणाऱ्या कंत्राटदारांचा: रस्ते, पूल, धरणं, सरकारी इमारती, कारखान्यांचे शेड. फ्लॅट बांधून विकणारे विकासक मुख्यतः क्रेडाईत सापडतील, ती १९९९ ची. त्याआधी वर्षभर नरेडको, तीही विकासकांचीच. काही जण दोन्हीकडे असतात. विकासकाला महारेराकडे प्रकल्प नोंदवताना मान्यताप्राप्त स्वनियामक संस्थेचं सदस्यत्व दाखवावं लागतं. तुम्हाला कंत्राटदार म्हणून तशी काही सक्ती नाही. म्हणजे तुमचा निर्णय निव्वळ हिशेबाचा आहे.

आता हिशेब. कंत्राटदाराच्या धंद्यात एक मूळचा अडथळा आहे. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे सरकार किंवा एखादी मोठी कंपनी, तुमचा माल देणारे म्हणजे सिमेंट-स्टीलच्या बलाढ्य कंपन्या, आणि मध्ये तुम्ही. करारातलं एखादं कलम अन्यायाचं आहे हे तुम्हाला निविदा भरतानाच दिसतं. पण ते बोलून दाखवलं तर कार्यकारी अभियंता म्हणतो, "मग भरू नका." काम घेतल्यावर बोललात तर झालेल्या कामाचं पुढचं रनिंग बिल टेबलावर पडून राहतं. पुरवठादाराशी भांडलात तर उद्याची गाडी येत नाही, आणि स्लॅबचा दिवस ठरलेला असतो. जे एकट्याने बोलणं महाग पडतं ते सगळ्यांच्या वतीने, कुणा एकाचं नाव पुढे न करता बोलणं, हे राष्ट्रीय संघटनेचं पहिलं आणि खरं काम. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण सिमेंटचं. सिमेंटचे भाव सगळ्या कंपन्यांचे एकदमच कसे चढतात, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने डीलरच्या दुकानात उभं राहून विचारला आहे. डीलर खांदे उडवतो. २०१० च्या जुलैमध्ये बाईने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली: देशातल्या मोठ्या सिमेंट कंपन्या आणि त्यांची संघटना, सिमेंट मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन, संगनमताने पुरवठा आखडतात आणि भाव ठरवतात. आयोगाच्या तपासात, २०१० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मागणी असताना पुरवठा घटला आणि त्यानंतर भाव वर गेले, असं निरीक्षण आलं. कंपन्यांचे लोक त्यांच्या संघटनेच्या बैठकांना एकत्र बसत, उत्पादन-पुरवठ्याची माहिती तिथून फिरत असे, हेही पुढे आलं. जून २०१२ मध्ये आयोगाने ११ कंपन्यांना मिळून ६,००० कोटींच्या वर दंड ठोकला. सिमेंटवाल्यांच्या संघटनेलाही ७३ लाखांचा.

मग सुरू झाली कोर्टाची पायरी. डिसेंबर २०१५ मध्ये स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने तो आदेश सुनावणीच्या पद्धतीतल्या दोषावरून रद्द केला आणि प्रकरण परत पाठवलं. आयोगाने पुन्हा ऐकून ३१ ऑगस्ट २०१६ ला जवळपास तेवढाच, म्हणजे सुमारे ६,७०० कोटींचा दंड लावला. जुलै २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने तो कायम केला. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तिथे दंडाच्या १० टक्के रक्कम भरायला सांगून अपील दाखल करून घेतलं गेलं.

आता विचार करा, यातलं काय तुम्ही किंवा मी करू शकलो असतो? देशातले नामवंत वकील समोरच्या बाजूला, वर्षानुवर्षांच्या तारखा, भावांची राज्यवार आकडेवारी, आणि या सगळ्या काळात त्याच कंपन्यांची गोणी आपल्या साइटवर उतरत होती. या तक्रारीमुळे गोणी स्वस्त झाली का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणणार नाही. पण कंपन्यांना उत्तर द्यावं लागलं, आणि तेही आकड्यांनिशी. एकट्या कंत्राटदाराच्या पत्राला आजवर कुठल्या सिमेंट कंपनीने उत्तर दिलेलं माझ्या पाहण्यात नाही.

दुसरं मोठं क्षेत्र कराचं. नव्या पिढीला जीएसटी हाच कर माहीत आहे, पण वर्क्स कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे माल आणि मजुरी मिळून दिलेल्या कामाच्या करारावर, कर कसा लावायचा हा वाद फार जुना आहे. १९५८ साली गॅनन डंकर्लेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, बांधकामाचा करार एकसंध असतो, त्यातल्या विटा-सिमेंटची वेगळी विक्री होत नाही, म्हणून राज्याला त्यावर विक्रीकर लावता येत नाही. राज्यांना हे पटणारं नव्हतंच. १९८२ मध्ये ४६ वी घटनादुरुस्ती झाली आणि कराराचे कागदोपत्री दोन तुकडे करून मालाच्या भागावर कर लावायची वाट मोकळी झाली. काही राज्यांनी मग हात मोकळा सोडला. याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जो खटला गेला त्याचं नावच 'बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया विरुद्ध भारत सरकार'. ३१ मार्च १९८९ चा तो निकाल आहे. घटनादुरुस्ती टिकली, त्या अर्थाने संघटना हरली. पण इतर मालाच्या विक्रीवर कर लावताना राज्यांवर घटनेची जी बंधनं आहेत ती इथेही पाळावी लागतील, हे न्यायालयाने स्पष्ट केलं. पुढे १९९२ मध्ये मजुरी आणि सेवांचा भाग वजा करून उरलेल्या मालाच्या किमतीवरच कर, हे सूत्र पक्कं झालं. मजुरीवर विक्रीकर भरावा लागला नाही, त्यामागे हा सगळा झगडा आहे. माझ्या मते संघटनेने केलेलं हे सगळ्यात टिकाऊ काम, आणि त्याबद्दल शाल कुणालाच मिळाली नसावी.

जीएसटीने तो जुना वाद बराच संपवला, वर्क्स कॉन्ट्रॅक्ट सरळ सेवा ठरवून टाकली. मग दराचा प्रश्न आला. सरकारी कामांना बराच काळ १२ टक्के होते. जून २०२२ मध्ये चंडीगडच्या बैठकीत जीएसटी परिषदेने ते १८ करायचं ठरवलं आणि १८ जुलैपासून लागू झाले. ज्यांच्या करारात कर वेगळा मिळणार होता त्यांना फारशी झळ नाही. पण ज्यांनी दर करासह भरले होते आणि नंतर बदललेल्या कराच्या भरपाईचं कलम करारात नव्हतं, त्यांचं काय झालं बघा: कर सोडून १ कोटीचं काम शिल्लक असेल तर ६ लाखांचा फरक. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट क्रेडिट, थोडी वाढेल म्हणावं, तर सिमेंट-स्टीलवरचा कर तर तेव्हाही जुनाच होता. अशा वेळी प्रत्येक खात्याकडे वेगळं पत्र लिहिण्यापेक्षा वित्त विभागाकडून एकच परिपत्रक निघालेलं बरं असतं, आणि ते काढून घेण्यासाठी मंत्रालयात खेटे घालणारी माणसं संघटनेची असतात.

खेटे म्हणजे काय ते जरा जवळून सांगतो, कारण बाहेरून निवेदन देतानाचा फोटो तेवढा दिसतो.

२०२१-२२ मध्ये स्टीलने आपलं कंबरडं मोडलं होतं ते आठवत असेल. २ कोटींची शाळेची इमारत धरा, स्टील साधारण ४० टन. अंदाजपत्रकात टनाला ४५,००० धरलेले, प्रत्यक्ष खरेदी ७५,००० ने. टनामागे ३०,००० चा फरक म्हणजे १२ लाख, कामाच्या ६ टक्के. निविदा अंदाजपत्रकापेक्षा ८ टक्के कमी दराने, म्हणजे बिलो, भरली असेल तर दरसूचीतला नफा आधीच खलास, त्यावर हे. आणि काम बारा महिन्यांच्या आतलं, म्हणून करारात भाववाढीचं कलमच नाही. तेव्हा आमच्या सेंटरवर बैठक झाली. पहिला तासभर नुसता संताप. मग एका जुन्या सदस्याने सगळ्यांना गप्प बसवून सांगितलं, रडगाणं नको, कागद आणा. पुढच्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या कामाची माहिती आणली: निविदा भरल्याचा महिना, कार्यारंभ आदेशाची तारीख, स्टील खरेदीची बिलं महिन्यावार, मोजमाप पुस्तिकेत (एमबीत) चढलेलं वजन. त्यातून एक तक्ता तयार झाला. सचिवांपुढे शिष्टमंडळ बसलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न हाच होता: किती कामं, निविदा कधीच्या, खरेदी कधीची? तक्ता समोर होता म्हणून बोलणं पुढे सरकलं. नुसतं "भाव फार वाढलेत साहेब" म्हणणारी निवेदनं कुठे जातात हे मंत्रालयात गेलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

केंद्राने मे २०२२ मध्ये पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं, भाव उतरले, आणि नोव्हेंबरमध्ये ते शुल्क काढलं. याचं श्रेय एकट्या आमच्या संघटनेने घेऊ नये. वाहन, यंत्र, घरबांधणी, सगळेच ओरडत होते. पण केंद्रीय बांधकाम खात्याच्या करारात जशी १०सीए आणि १०सीसी अशी भाववाढीची कलमं आहेत, तशी ती लहान मुदतीच्या आणि राज्यांच्या, नगरपालिकांच्या, जिल्हा परिषदांच्या कामांतही आणणं, हे चिवट काम संघटनेशिवाय कुणी करणार नाही. ते अजून अर्धवटच आहे.

कोविडचाही अनुभव सांगण्यासारखा आहे. मे २०२० मध्ये केंद्राने आपल्या खात्यांच्या कामांना सहा महिन्यांपर्यंत मुदतवाढ दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात कामगिरी अनामत ५ ते १० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणली आणि बयाणा रकमेऐवजी नुसतं घोषणापत्र चालेल असं केलं. बँक गॅरंटीत अडकलेला पैसा मोकळा होणं म्हणजे काय, हे त्या वर्षी पगार वाटलेल्या माणसालाच कळेल.

आता जिथे संघटना कमी पडते ते.

थकीत बिलं. २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या कंत्राटदार संघटनांनी राज्य सरकारकडे सुमारे ८९ हजार कोटी थकल्याचा आकडा मांडला, कामं बंद ठेवली, आंदोलनं केली. थोडेथोडे हप्ते सुटले. पण तुमचं अमुक एक बिल काढून आणणं संघटनेच्या हातात नसतं, आणि एकाचं बिल काढायला संघटनेचं वजन वापरायला लागलो तर दुसऱ्याच्या वेळी ते वजन उरत नाही. कायद्याचा आधारही लंगडा आहे. लघुउद्योगांची देणी ४५ दिवसांत द्यावीत असा २००६ चा कायदा आहे, पण वर्क्स कॉन्ट्रॅक्ट त्यात बसत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. उद्यम नोंदणी केली म्हणजे सुटलो, या भ्रमात राहू नका.

लवादाचंही तसंच. ३१ ऑगस्ट २०१६ ला, योगायोगाने सिमेंटच्या दुसऱ्या आदेशाच्याच दिवशी, केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने ठरवलं की लवादाचा निकाल कंत्राटदाराच्या बाजूने लागला आणि सरकारी संस्था कोर्टात गेली, तर बँक गॅरंटीवर ७५ टक्के रक्कम द्यावी. मोठ्या कंपन्यांना त्याचा चांगला उपयोग झाला. २०२३ मध्ये केंद्राची 'विवाद से विश्वास' ही तडजोड योजना आली, त्यात लवादाच्या निकालाच्या ६५ टक्के, कोर्टाच्या निकालाच्या ८५ टक्क्यांपर्यंत घेऊन मिटवा. आणि ३ जून २०२४ ला अर्थ मंत्रालयाने मार्गदर्शन काढलं की लवादाचं कलम सरसकट घालू नये, घातलं तर १० कोटींखालच्या वादापुरतं. संघटनांनी विरोध केला. आपल्याकडच्या राज्याच्या बांधकाम खात्याच्या बी-वन नमुन्यातल्या करारात तर क्लॉज ३० आहेच, अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम! ज्याच्या खात्याशी भांडण त्यानेच निवाडा करायचा. हे कलम म्हणजे लवाद आहे की नाही यावरच कोर्टात किती तरी वकिलांची घरं चालली.

इथे एक अवघड गोष्ट बोललीच पाहिजे. राष्ट्रीय संघटनेत हजार कोटींची कंपनी आणि तुमच्यासारखी दोन कामांची फर्म एकाच छताखाली बसतात, पण दोघांचं हित नेहमी एक नसतं. शंभर छोटी कामं एकत्र बांधून एकच मोठी निविदा काढली तर मोठ्याला आनंद, तुम्ही पात्रतेच्या अटीतच बाद. उलाढालीची अट, यंत्रसामग्री स्वतःच्या मालकीची असण्याची अट, हॉटमिक्स प्लँट अमुक किलोमीटरच्या आत हवा, हे सगळं कुणाला तरी सोयीचं असतं. मोठ्यांपैकी बरेच जण वेगळ्या फेडरेशनमध्येही आहेत, तिथे त्यांचं ते बघतात. म्हणून सेंटरच्या निवडणुकीत लहान कंत्राटदारांनी मतदानापुरतं नाही, समितीत बसण्यापुरतं यायला हवं. तसे येत नाहीत. साइट सोडवत नाही हे खरं, पण मग पात्रतेच्या अटींवर बोलायला कुणी नसतं.

आता ते 'कामं मिळतील' म्हणणाऱ्या माणसाबद्दल. संघटनेची बैठक संपल्यावर चहाला चार जण एकत्र आले आणि "या निविदेत तू अमुक टक्के भर, पुढच्यात मी" असं ठरलं, तर ती रिंग झाली. स्पर्धा कायद्याच्या कलम ३ खाली निविदेतलं संगनमत सगळ्यात गंभीर प्रकारांत मोडतं, आणि संघटनेचं व्यासपीठ वापरलं तर संघटनाही दोषी ठरू शकते. सिमेंटवाल्यांच्या संघटनेला दंड झाला तो असाच. त्यांच्यावर तक्रार करणाऱ्या संघटनेच्या सदस्यांनी तरी हे विसरू नये. चांगल्या सेंटरमध्ये चालू निविदांचे दर हा विषय बैठकीत निघाला तर अध्यक्ष तिथल्या तिथे थांबवतात. तुमच्या सेंटरमध्ये तसं होतं का, हे पहिल्याच बैठकीत कळेल.

मजुरांच्या बाबतीत मला संघटनेकडून जास्त अपेक्षा आहे. आपल्या प्रत्येक बिलातून १ टक्का उपकर कापला जातो, तो इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. त्यातून मजुराला शिष्यवृत्ती, आरोग्य, अपघाताची मदत मिळू शकते. मुख्य अट ही की वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. तो दाखला द्यायला कंत्राटदार कचरतात, हजेरीचं मस्टर उघडं पडेल म्हणून. पैसे आपले कापले जातात आणि आपलाच सेंट्रिंगवाला त्यातून वंचित राहतो. काही सेंटर्स साइटवर नोंदणी शिबिरं घेतात. ती सगळीकडे व्हायला हवीत. प्रशिक्षणाकडे उद्योगाने आधी जास्त लक्ष दिलं होतं. बांधकाम व्यवस्थापन शिकवणारी पुण्याची निकमार १९८३ साली बांधकाम उद्योगानेच पुढाकार घेऊन उभी केली. पण तिथून मॅनेजर निघतात. सळ्या वाकवणारा चांगला बार-बेंडर कुठून येणार, याचं उत्तर अजून गावाकडच्या मुकादमाकडेच आहे.

तर सदस्य व्हायचं का? माझं मत, व्हा, पण सगळ्यात आधी दोन गोष्टी तपासा. गेल्या दोन-तीन वर्षांत त्या सेंटरने कोणती निवेदनं दिली त्यांच्या प्रती मागा. प्रतींत आकडे आणि कलम क्रमांक असतील तर सेंटर जिवंत आहे. नुसते सत्काराचे अल्बम निघाले तर आणखी वर्षभर थांबा किंवा जवळच्या दुसऱ्या सेंटरकडे विचारा. आणि कर समिती, करार समिती चालवणारी माणसं कोण आहेत ते बघा. प्रत्येक सेंटरमध्ये एखाददुसरा असा निघतो ज्याला सगळे शासन निर्णय तोंडपाठ असतात. त्याच्या शेजारी बसायला मिळणं हाच पहिल्या वर्षीचा परतावा. करारात नसलेल्या एक्स्ट्रा आयटमचं पत्र कोणत्या तारखेच्या आत द्यायचं, क्लॉज ३८ खाली वाढीव परिमाणाचा दर कसा मागायचा, मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आधी का गेला पाहिजे, हे कॉलेजात कुणी शिकवत नाही आणि वकील सांगतो तोपर्यंत उशीर झालेला असतो.

स्पर्धा, पुरस्कार यांना अगदीच नाक मुरडू नका. पुणे सेंटरच्या 'वेल बिल्ट स्ट्रक्चर' स्पर्धेसारख्या ठिकाणी दुसऱ्यांची कामं बारकाईने बघायला मिळतात, शटरिंगचा फिनिश कुणाचा कसा आहे ते कळतं. अधिवेशनाला एकदा जाऊन या, यंत्रांचे स्टॉल बघण्यासारखे असतात, भाषणांच्या वेळी बाहेर चहा चांगला मिळतो.

आणि सदस्य झाल्यावर सेंटरमधून माहिती मागणारा कागद येईल: बिल सादर कधी, मोजमाप कधी, पैसे कधी. नव्वद टक्के लोक तो भरत नाहीत आणि मग संघटना काही करत नाही म्हणतात. तुमची दोनच कामं आहेत, दहा मिनिटांत भरून होईल.